'आम्ही सगळे' म्हणजे कोण? फॅन्डममध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मैत्रिणीची मुलगी चार दिवस आमच्याकडे राहायला होती. अकरावीत आहे. तिने आयुष्यातली पहिली फॅनफिक नेटवर टाकली होती, म्हणजे आवडत्या मालिकेतली पात्रं घेऊन स्वतः रचलेली कथा. चार हजार शब्द, रात्री जागून लिहिलेले. तिसऱ्या दिवशी कथेखाली एका निनावी 'पाहुण्याची', म्हणजे खातं नसलेल्या वाचकाची, ओळ आली: 'पात्रं कळत नसतील तर लिहू नये. आम्ही सगळे हसतोय.' तिने तासाभरात कथा काढून टाकली. मला दाखवायला तिच्याकडे कथा उरली नव्हती, त्या ओळीचा स्क्रीनशॉट तेवढा होता. टीकेबद्दल ती काहीच बोलली नाही. तिचा प्रश्न एकच होता, "मावशी, 'आम्ही सगळे' म्हणजे कोण गं?"

मी बारा वर्षं फॅन्डममध्ये, म्हणजे चाहत्यांच्या या जगात, वाचते-लिहितेय, त्यातली तीन वर्षं डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरच्या एका छोट्या गटाची देखभालही केली. त्या चार दिवसांत तिला जे सांगितलं, ते इथे क्रमाने लिहितेय. उदाहरणं मुख्यतः आर्काइव्ह ऑफ अवर ओन हे फॅनफिकचं संकेतस्थळ, म्हणजे सगळे ज्याला एओथ्री म्हणतात ते, आणि टम्बलर ही ब्लॉगची सेवा यांची आहेत. तुम्ही के-पॉपच्या नाहीतर एखाद्या क्रिकेटपटूच्या चाहत्यांत असाल तर बटणांची नावं वेगळी असतील, बाकी फार काही बदलणार नाही.

पायरी १: आधी महिनाभर नुसतं वाचा

एओथ्रीवर खातं लगेच मिळत नाही. ईमेल देऊन आमंत्रणाच्या रांगेत नाव लावायचं आणि वाट बघायची. बहुतेक कथा वाचायला मात्र खातं लागत नाही. हा वाट बघण्याचा काळ वाया घालवू नका. मराठी संकेतस्थळांवर याला 'रोमात असणं' म्हणतात: सगळं वाचायचं, काही लिहायचं नाही.

वाचताना कथांबरोबर माणसंही वाचा. कोण कोणाच्या कथांची शिफारस करतं? त्या याद्यांत तीच सात-आठ नावं फिरतात का? एखादी गाजलेली कथा आपल्याला आवडली नाही असं कुणी सभ्यपणे म्हटलं, तर पुढच्या दोन दिवसांत त्या व्यक्तीचं काय होतं? आणि गटात हजर नसलेल्या माणसाबद्दल कसं बोललं जातं? ही शेवटची खूण मला सगळ्यांत भरवशाची वाटते. जे आज तिच्याबद्दल बोलतायत, ते उद्या तुमच्याबद्दल बोलतील.

प्रत्येक फॅन्डममध्ये काही मोठी नावं असतात. त्यांना 'बीएनएफ', बिग नेम फॅन म्हणतात. हा शब्द इंटरनेटच्या कितीतरी आधीचा, विज्ञानकथांच्या चाहत्यांनी सायक्लोस्टाइल केलेली मासिकं एकमेकांना पोस्टाने पाठवायच्या काळातला. म्हणजे मोठं नाव, त्याच्याभोवतीचा कंपू आणि कंपूबाहेरच्यांची चिडचिड हे सगळं तेव्हापासून चालत आलंय. माझ्या अनुभवात बहुतेक बीएनएफ मंडळी मनाने बरी असतात. वर्षानुवर्षं लिहून दमलेलीही असतात. त्रास होतो तो चहापेक्षा गरम असलेल्या किटल्यांचा. मोठ्या नावाच्या जवळ आपली जागा टिकावी म्हणून जे धडपडतात, त्यांना नवीन माणूस आधी खुपतो. कानामागून आली आणि तिखट झाली, हे त्यांच्या मनातलं वाक्य असतं. वर येतं ते 'हिला पात्रं कळत नाहीत' अशा रूपात.

पायरी २: टोपणनाव नीट निवडा

निनावी आणि टोपणनावी यांत आपण फार घोळ घालतो. केशवसुत, गोविंदाग्रज, कुसुमाग्रज, ग्रेस ही सगळी टोपणनावं, आणि त्या प्रत्येक नावाला स्वतःची पत आहे. टोपणनावाने वाईट वागलात तर ते नाव खराब होतं. ठरलेलं लग्न मोडण्यासाठी मुलाकडच्यांना जे निनावी पत्र जायचं, त्याच्यामागे खराब व्हायला नावच नसायचं. फॅन्डम टोपणनावांवर चालतं आणि ते चांगलंच आहे. खरं नाव लावल्याशिवाय माणूस प्रामाणिक नसतो असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

नाव नवीन घ्या, इन्स्टाग्रामवर किंवा कॉलेजच्या गटांत वापरत असलेलं नको. त्यासाठी वेगळा ईमेल काढा. ओळख झाली की लोक प्रेमाने विचारतात, तू कुठली, कुठल्या कॉलेजात. 'महाराष्ट्रात राहते' एवढं उत्तर पुरे. खिडकीबाहेरचा पाऊस, कॉलेजचं फेस्टिव्हल, परीक्षेचं वेळापत्रक असे तुकडे जोडून घर शोधता येतं, आणि भांडण झाल्यावर जुन्या पोस्ट उकरणारे लोक तेच करतात.

एओथ्रीवर एका खात्याखाली अनेक उपनावं घेता येतात. नवे लोक त्याला लपायची जागा समजतात. तसं नाही, उपनावाबरोबर मूळ खात्याचं नावही दिसतं.

पायरी ३: पहिली कथा टाकण्याआधी दारं तपासा

हे पंधरा मिनिटांचं काम आहे आणि ते कथा टाकण्याआधीच करायचं. नंतर केलं तर घाबरून केल्यासारखं वाटतं, आणि तोवर त्रास होऊन गेलेला असतो.

एओथ्रीवर प्रत्येक कथेसाठी ठरवता येतं की प्रतिक्रिया कुणी द्यायची: सगळ्यांनी, फक्त खातं असलेल्यांनी, की कुणीच नाही. पहिल्या कथेला 'फक्त खातं असलेल्यांनी' हा पर्याय घ्या. त्यासोबत, प्रतिक्रिया आपण मंजूर केल्याशिवाय दिसणार नाही अशीही सोय आहे. आपल्या कथेखालची कुठलीही प्रतिक्रिया आपल्याला काढता येते, कुणाला कारण द्यावं लागत नाही.

पाहुण्यांना प्रतिक्रिया खुली ठेवलीत तर एक गोष्ट लक्षात असू द्या. पाहुण्याला नावाच्या चौकटीत मनाला येईल ते टाइप करता येतं. तुमच्या मैत्रिणीचं टोपणनावसुद्धा. ओळखीच्या नावाने काहीतरी लागट आलं तर नावाजवळ 'गेस्ट' लिहिलंय का ते आधी बघा, मग वाईट वाटून घ्या. मी सांभाळत असलेल्या गटातल्या दोघी याच कारणाने दोन महिने बोलत नव्हत्या.

ब्लॉक आणि म्यूट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्लॉक केलेलं खातं तुमच्या कथेवर प्रतिक्रिया देऊ शकत नाही, पण कथा वाचू शकतं. म्यूट केलेल्या खात्याचं लिखाण तुम्हाला दिसत नाही. दोन्ही हवं असेल तर दोन्ही करा. पाहुण्याला खातंच नसल्यामुळे त्याला ब्लॉक करता येत नाही, म्हणून वरची काळजी.

टम्बलरवर 'आस्क' नावाची प्रश्नपेटी असते आणि तिथे निनावी प्रश्न चालू-बंद करता येतात. सुरुवातीला बंद ठेवा. "अनॉन बंद केलंय म्हणजे हिला टीका सहन होत नाही," असं बोललं जाईल. बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही. पेटीचं झाकण मात्र तुमच्या हातात आहे.

पायरी ४: आकडे कसे वाचायचे

एओथ्रीवर नापसंतीचं बटण नाही. वाचकाला आवडलं तर तो 'कुडोज' देतो, एका कथेला एकदाच. त्या आकड्यांप्रमाणे कथांची यादी लावता येते, आणि बहुतेक नवे वाचक तशीच लावतात. मग वरच्या कथा अधिक वाचल्या जातात, त्यांना अधिक कुडोज मिळतात, त्या आणखी वर राहतात.

हे किती खोल चालतं ते दाखवणारा एक प्रयोग २००६ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी १४,३४१ लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकवली. काही जणांना इतरांची पसंती दिसत नव्हती. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या 'जगां'त वाटलं होतं आणि प्रत्येकाला आपल्या जगात कुठलं गाणं किती वेळा उतरवून घेतलं गेलं ते दिसत होतं. गाणी सगळीकडे तीच, तरी प्रत्येक जगात वेगळी गाणी वर गेली. फार चांगलं गाणं सहसा तळाला गेलं नाही, फार वाईट सहसा वर आलं नाही. मधल्या सगळ्यांचं नशीब सुरुवातीच्या थोड्या लोकांनी काय निवडलं त्यावर ठरलं.

आपण जवळजवळ सगळे त्या मधल्यांत असतो. म्हणून पहिल्या महिन्यात नऊ कुडोज मिळाले याचा अर्थ कथा नऊ कुडोजच्या लायकीची आहे असा काढू नका. शेजारच्या कथेला नऊशे मिळाले म्हणून तिच्या लेखिकेला पाण्यातही पाहू नका. फॅन्डममधल्या वैराची सुरुवात इथे, या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत होते, असं माझं ठाम मत आहे. पात्रांचे स्वभाव, कुणाची जोडी कुणाशी जुळावी, ही भांडणं पुष्कळदा त्यावरचं पांघरूण असतं.

नावाचं वजन बाजूला ठेवून लिहिण्याचा अनुभव घ्यायचा असेल तर भेटकथांच्या उपक्रमात भाग घ्या. 'यूलटाइड' हा त्यातला जुना उपक्रम २००३ पासून दर डिसेंबरला होतो, ज्यांचे चाहते थोडे आहेत अशा कलाकृतींसाठी. प्रत्येकाने दुसऱ्या कुणाच्या फर्माइशीवर किमान हजार शब्दांची कथा लिहायची. कथा २५ डिसेंबरला उघडतात, लेखकांची नावं १ जानेवारीला. मधला आठवडा सगळे जण नाव माहीत नसताना वाचत असतात. मी दुसऱ्या वर्षी अशा एका छोट्या उपक्रमात लिहिलं होतं. मला पाचसुद्धा लोक ओळखत नव्हते, आणि मी मनातून घाबरायचे अशा एका मोठ्या लेखिकेने माझ्या कथेवर तीन परिच्छेद लिहिले. निनावीपणाने मला दिलेली ती सर्वांत सुंदर गोष्ट. म्हणून निनावीपण सरसकट वाईट असं मी कधीच म्हणणार नाही.

पायरी ५: निनावी कमेंट आली, आता काय?

फोन खाली ठेवा. पाणी प्या. उत्तर लिहू नका. मग पुन्हा वाचा आणि ठरवा की ही टीका आहे, खोडी आहे की धमकी आहे.

टीका कथेबद्दल बोलते: 'तिसऱ्या प्रसंगात तो एवढ्या लवकर माफ करतो हे पटलं नाही.' कडू असली तरी ठेवा, चार दिवसांनी उपयोगी पडते. खोडी तुमच्याबद्दल बोलते: 'तुझ्यासारख्यांनी लिहू नये.' तिचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख आणि पानाचा पत्ता दिसू द्या, मग ती काढून टाका. फॅन्डमबाहेरच्या एका माणसाला सांगा, भावाला, मावशीला, कुणालाही. तिच्यावर सार्वजनिक पोस्ट लिहू नका. पोस्ट लिहिली की सहानुभूतीचे पन्नास संदेश येतात आणि पाठवणाऱ्याला कळतं की बाण लागला. पन्नासांतले दोन-तीन जण मग 'कोण असेल' याचा शोध सुरू करतात, आणि तिथून पुढे तुमच्या हातात काही राहत नाही.

तो शोध तुम्हीही घेऊ नका. मी घेतला होता. २०१६ मध्ये मला तीन आठवडे रोज रात्री एक निनावी प्रश्न यायचा: अजून इथे आहेस का, तुझी भाषा शाळकरी आहे हे तुला कुणी सांगितलं नाही का. मी एकेक ओळ कागदावर उतरवून शब्द जुळवत बसायचे. चार जणींवर संशय घेतला, चौघींशी बोलणं कमी केलं. शेवटी कळलं ते तिनेच सांगितल्यामुळे. पाचवीच निघाली. मी जिच्याशी कच्चे मसुदे वाटून घ्यायचे, ती. एका शिफारस यादीत माझं नाव आलं होतं आणि तिचं आलं नव्हतं. ती रडत होती. ज्या चौघींचा काही संबंध नव्हता त्यांतल्या दोघी मला परत मिळाल्या नाहीत. हे त्या तीन आठवड्यांपेक्षा जास्त दुखतं.

चांगल्या माणसांच्या हातून हे कसं होतं? मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये त्यावर लिहिलं होतं. समोरचा दिसत नाही, आपलं नाव लागत नाही, प्रतिक्रिया लगेच झेलावी लागत नाही. यामुळे मनातला बांध सैल होतो. कधी त्यातून माया बाहेर येते, कधी विष. मला स्वतःला यात एक भर घालावीशी वाटते. फॅन्डममध्ये पाठवणारा पुष्कळदा तुम्हाला चांगला ओळखत असतो, म्हणून त्याला नेमकं कुठे दुखतं ते ठाऊक असतं.

मग नावाची सक्तीच का करू नये, असं अनेकांना वाटतं. दक्षिण कोरियाने ते करून पाहिलं. २००७ साली मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्याची खरी ओळख पडताळणं कायद्याने सक्तीचं झालं. २०११ मध्ये तिथल्या 'नेट' (Nate) आणि सायवर्ल्ड या सेवांमधून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. २३ ऑगस्ट २०१२ रोजी तिथल्या संविधान न्यायालयाने तो कायदा रद्द केला. जहरी प्रतिक्रिया काही थांबल्या नव्हत्या. त्यांच्या त्रासाबद्दल उघड बोलणारी गायिका सली ऑक्टोबर २०१९ मध्ये गेली. त्यानंतर दाउम या पोर्टलने मनोरंजनाच्या बातम्यांखालच्या प्रतिक्रियाच बंद केल्या, मार्च २०२० मध्ये नेव्हरनेही. नाव माहीत असणं पुरेसं पडलं नाही, शेवटी दारच लावावं लागलं. तुम्ही पायरी ३ मध्ये तेच करताय, आपल्या घरापुरतं.

आता धमकी. 'तुझं कॉलेज माहीत आहे', 'फोटो टाकू', 'मरून जा' असं काही आलं तर ते फॅन्डमचं भांडण राहत नाही. इथे काहीही काढून टाकू नका. आधी सगळं जपून ठेवा, मग त्या सेवेकडे तक्रार करा आणि घरच्यांना सांगा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये, ओळख लपवून धमकी दिली तर नेहमीच्या शिक्षेशिवाय आणखी दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. मन फार खचलं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतूनही बोलता येतं. आणि निनावी माणूस सापडतच नाही हाही गैरसमज आहे. के-पॉप गायिका जांग वॉन-यंग हिच्याबद्दल खोटंनाटं पसरवणाऱ्या एका यूट्यूब चॅनलमागची व्यक्ती २०२३ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयामार्फत उघड झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये कोरियातल्या न्यायालयाने तिला दोन वर्षांची स्थगित कैद सुनावली आणि त्यातून कमावलेले पैसे जप्त करण्याचा आदेश दिला.

पायरी ६: आपल्या हातून होऊ नये म्हणून

हे मी त्या मुलीला तिसऱ्या दिवशी सांगितलं, कारण सांगायला धीर गोळा करावा लागला. २०१४ मध्ये मीही एक निनावी कमेंट लिहिली आहे. आमच्या छोट्या फॅन्डममध्ये एक नवी मुलगी आली होती, भराभर लिहायची, लोकांना आवडायची. मी लिहिलं होतं: 'आम्हाला सगळ्यांना वाटतं की तू जरा थांबावंस.' मी कुणालाच विचारलं नव्हतं. खोलीत मी एकटी होते. 'आम्ही सगळे' लिहिलं कारण एकटीच्या नावावर ते वाक्य फार छोटं आणि मत्सरी दिसलं असतं. तिने पुढे लिहिणं बंद केलं. माझ्यामुळे की दुसऱ्या कशामुळे, मला कधीच कळणार नाही.

'आम्ही सगळे' म्हणजे कोण, या तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं ते असं.

तेव्हापासून मी काही सवयी लावून घेतल्या. कुणाबद्दल वाईट वाटतंय आणि नाव लपवून लिहावंसं वाटतंय, तर खिडकी बंद करायची. आवडली नाही अशी कथा पाचव्या ओळीलाच सोडून द्यायची, शेवटपर्यंत वाचून राग साठवायचा नाही. खासगी गटात कुणाचा स्क्रीनशॉट हसण्यासाठी आला तर 'हे इथे नको' एवढं तरी लिहायचं. असं लिहिलं की गटात अचानक शांतता पसरते आणि ती सोसावी लागते. कुठल्या 'पुराव्यां'ची माळ फिरू लागली तर पुढे पाठवण्याआधी मूळ पोस्ट बघायची. कापलेल्या चित्रात 'ध'चा 'मा' व्हायला वेळ लागत नाही. आणि महिन्यातून एकदा, कुडोज दहाच्या खाली असलेली एक कथा शोधून, वाचून, खाली दोन ओळी लिहायच्या. त्या स्वतःच्या नावाने.

पायरी ७: बाहेर पडायचं झालं तर

फॅन्डम सोडणं अपयश नाही. लोक शिक्षण, नोकरी, बाळंतपण यांमुळे सोडतात, त्रास झाला म्हणूनही सोडतात. डिस्कॉर्डच्या गटातून निरोपाचं भाषण न करता निघता येतं. कथांचं मात्र आधी ठरवा. एओथ्रीवर दोन रस्ते आहेत. कथा कायमची काढून टाकता येते, किंवा ती 'ऑर्फन' करता येते. त्यात कथा वाचकांसाठी राहते आणि तुमचं नाव सुटून ती एका सामाईक खात्याखाली जाते. ऑर्फन केलेली कथा परत आपल्या नावावर घेता येत नाही. म्हणून दोन्हींतलं काहीही निनावी कमेंट आलेल्या रात्री करू नका. आधी कथा आपल्या संगणकावर उतरवून घ्या, एओथ्रीवर त्यासाठी 'डाउनलोड'चं बटण आहे. मग प्रतिक्रिया बंद करा आणि आठवडाभर थांबा.

माझ्या मैत्रिणीच्या मुलीने कथा उतरवून घेतली नव्हती. पहिले दीड हजार शब्द तिच्या फोनच्या नोट्समध्ये सापडले. बाकीचे ती आठवून लिहितेय.